तिसरी ट्रायल

हिवाळा सरत आलेला असताना एका सोमवारी सकाळी, नकाशे काढण्यात हयात गेलेले नकाशेवाले गृहस्थ मावशींच्या शिवणाच्या कारखान्याचे तीन जिने चढून वर आले. काखेत पुठ्ठ्याचं चपटं खोकं होतं आणि चेहऱ्यावर, आपण उगाच तर आलो नाही ना, असा भाव. मावशी एका जाकिटाच्या बाहीचा मुंढा उसवत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पायानेच एक स्टूल पुढे सरकवलं.

त्या साऱ्या गल्लीच्या मावशी होत्या. खरं नातं एकाच मुलीशी, बहिणीच्या मुलीशी, आणि ती बारा वर्षं त्यांच्या हाताखाली शिवत होती. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, उत्तरेकडे मोठी खिडकी, दोन यंत्रं, इस्त्रीचं टेबल, आणि कपडे बदलायला मधे एक लाकडी आडोसा. पण दुरून दुरून लोक यायचे ते मावशींच्या हातासाठी. कागदावर आखून कापड कापणारे शहरात ढिगाने होते. मावशी कागदाच्या वाटेला जात नसत. माणसाला नाहीतर लाकडी पायाच्या, बिनहाताच्या पुतळ्याला समोर उभं करायचं, कापड खांद्यावरून सोडायचं आणि ते कुठे पडतं, कुठे अडतं, कुठे रुसून बसतं ते बघत टाचण्या लावत जायचं. अंगावर बेतणं म्हणतात ते हे. हे काम करणाऱ्या त्या शहरात आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

नकाशेवाल्यांनी खोकं उघडलं. पातळ कागदाच्या घड्यांत एक लोकरीचा कोट होता, ओल्या पाटीच्या रंगाचा. मावशींनी तो दोन बोटांनी खांद्याशी उचलला आणि उठून उभ्याच राहिल्या.

"हा कुणी शिवला ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तो हात जाऊनही वीस वर्षं झाली."

"त्यांचं दुकान मोडलं. माळ्यावर न नेलेले कपडे सापडले म्हणे, ते ज्याच्या त्याच्या पत्त्यावर पाठवून दिले," नकाशेवाले म्हणाले. "आम्ही अजून त्याच घरात राहतो, म्हणून पोचला. माझ्या आईचा आहे. पण तिने घातला कधीच नाही. शिवायला टाकला आणि ती..." त्यांनी पातळ कागदाची घडी सारखी केली. "सोडून गेली. मी सात वर्षांचा होतो. साठ वर्षं झाली, आता त्याचं काही वाटत नाही."

काही वाटत नाही हे त्यांनी जरा जास्तच ठामपणे सांगितलं, असं भाचीला वाटलं. ती खाली मान घालून काजं करत राहिली.

"मग काय करायचं याचं?"

"माझ्या मुलीच्या मापाचा करून द्या. ती रेडिओवर बातम्या वाचते, पहाटे घरून निघते, थंडीत काकडत जाते. एवढी चांगली लोकर कपाटात सडवण्यात अर्थ नाही."

मावशींनी गुरुवारी चार वाजता मुलीला ट्रायलला आणायला सांगितलं. नकाशेवाले जिना उतरून गेले. मग भाचीने कोटाच्या आतल्या बाजूला टाचलेली कापडी चिठ्ठी वाचली. नकाशेवाल्यांच्या आईचं नाव होतं, तारीख होती आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, "तिसरी ट्रायल, गुरुवार."

"बघ मावशी, वार पण तोच दिलास."

"माझा ट्रायलचा वार गुरुवारच असतो. आजचा आहे का तो?" मावशी म्हणाल्या आणि कोट पुतळ्यावर चढवायला घेतला.

कोट पुतळ्यावर बसेना. कोट चांगल्या हाताचा असेल तर तो हँगरवरही आब राखून लोंबतो, पण हा पुतळ्यावर रुसलेल्या पाहुण्यासारखा तिरका झाला. डावा खांदा पोकळ, पाठीला ताण, पुढे भलताच झोळ. मावशींना त्याचं नवल वाटलं नाही. अंगावर बेतलेलं कापड त्या एका अंगाचं होऊन बसतं, दुसऱ्याचं होत नाही. अशा वेळी एकच उपाय असतो, कोटाला पुतळ्याच्या मापाचं न करता पुतळ्यालाच कोटाच्या मापाचं करायचं. त्यांनी कापसाचे थर घेतले, जुन्या चादरीच्या पट्ट्या घेतल्या आणि बांधायला सुरुवात केली. डाव्या खांद्यावर थोडा कापूस. पाठीला बाक. मान जराशी पुढे. दर थोड्या वेळाने कोट चढवायचा, बघायचं, उतरवायचा.

दुपारी जेवणं उरकल्यावर कोट शेवटी बसला. आणि पुतळ्याची बाई झाली. एक खांदा किंचित उतरता, कायम त्याच हातात पिशवी धरत असावी तसा. पाठ ताठ ठेवायची सवय. आणि पोटाशी कापसाचे चार थर.

भाची दोन मुलांची आई. तिने एकदाच पाहिलं.

"मावशी, ही बाई पोटुशी होती."

"चौथा महिना," मावशी म्हणाल्या. "आणि कुणाला कळू नये अशी तिची इच्छा होती. हे बघ."

त्यांनी कोटाची पुढची बाजू उलटी करून दाखवली. खांद्यापासून खाली सुटलेल्या घड्या बाहेरून नुसत्या शोभेच्या वाटत होत्या. आत मात्र त्या घड्यांमध्ये जादा कापड दडवलेलं होतं आणि पांढऱ्या धावदोऱ्याच्या तीन ओळींनी ते धरून ठेवलं होतं. पहिली ओळ उसवली की पोटाशी दोन बोटं कापड सुटणार, दुसरी उसवली की आणखी दोन, मग तिसरी. आणि खालची कड तसूभरही वर उचलली जाणार नव्हती. रस्त्यातून जाणाऱ्याला शेवटपर्यंत एवढंच दिसलं असतं, की एक बाई छान घेरदार कोट घालून चालली आहे.

"काय हात होता..." मावशी पुटपुटल्या. बारा वर्षांत त्यांनी कुणाच्या कामाला अशी दाद दिलेली भाचीने ऐकली नव्हती.

मंगळवारी सकाळी मावशींनीच कुलूप उघडलं. खोलीत ओल्या, गरम लोकरीचा वास होता, नुकती वाफेची इस्त्री फिरवल्यासारखा. इस्त्री थंडगार होती. पुतळा खिडकीशी होता तिथेच होता, पण कोटाची पहिली ओळ उसवलेली होती. तो पांढरा दोरा जवळच्या टेबलावर एका टाचणीभोवती आठच्या आकड्यासारखा गुंडाळून ठेवलेला होता, नीट, एकही गाठ नाही.

"अगं, मी सांगितल्याशिवाय कशाला हात लावलास?"

भाचीने कानावर हात ठेवले. "मी तुझ्या आधी घरी गेले, तुझ्या मागून आले. आणि दोरा असा कधी गुंडाळते का मी? माझे दोरे पायात येतात म्हणून रोज बोलणी खाते."

ते खरंच होतं. मावशींनी विषय सोडला. पण ओळ उसवल्यावर पुढचं कापड ढिलं पडायला हवं होतं. ते ढिलं नव्हतं. घडी भरून आली होती. त्यांनी टेप घेऊन कोटाच्या आत हात घातला आणि पुतळ्याचं पोट मोजलं. सोमवारचं माप त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं. त्याहून माप दोन बोटं जास्त भरलं.

"कापूस फुगला असेल. हवेत ओल आहे," त्या म्हणाल्या.

भाचीने भिंतीवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

त्या दिवशी जाताना मावशींनी दार दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली उशाखाली ठेवून झोपल्या. बुधवारी दोघी बरोबरच जिना चढल्या. दुसरी ओळ गेली होती. दुसरी टाचणी, दुसरा दोरा, तसाच गुंडाळलेला. पोटाचं माप आणखी दोन बोटं वाढलेलं. मावशींनी ते भिंतीवर पहिल्या दोन आकड्यांखाली लिहिलं. भाचीने मात्र आपलं यंत्र उचलून, पाठ भिंतीला लागेल आणि पुतळा समोर दिसेल असं फिरवून ठेवलं, आणि दिवसभर दर चार टाक्यांमागे मान वर करत राहिली.

"मावशी, काढून ठेवू या ना तो खोक्यात..."

"उद्या त्यांची मुलगी येणार आहे. आणि अर्धवट ट्रायलमधून कपडा काढून ठेवत नाहीत."

हे त्या कुणाच्या वतीने बोलल्या ते त्यांचं त्यांनाही उमगलं नसावं.

गुरुवारी धुकं पडलं. दुपारचे बारा वाजले तरी खिडकीच्या काचेबाहेर नुसतं पांढरं होतं. तिसरी ओळ सकाळी जागच्या जागी होती आणि त्यामुळे भाचीचा जीव जरा भांड्यात पडला होता. ती अस्तराचं कापड आणायला खाली गेली. मावशी आडोशामागे बसून डबा खात होत्या.

आधी वास आला. लोकरीचाच, पण त्यात आता घाम मिसळलेला. मग आवाज. हा आवाज मावशींना झोपेतही ओळखू आला असता. कच्चा दोरा ओढला की कापडातून एकेक टाका निसटतो त्याचा. सर्र... थांबणं. सर्र... थांबणं. अनुभवी हात असाच ओढतो, एका दमात नाही, लोकरीला इजा होऊ नये म्हणून.

मावशी उठल्या. आडोशाच्या कडेला एका हाताने धरून त्यांनी बघितलं. पुतळ्याजवळ कुणी नव्हतं. तिसऱ्या ओळीचा पांढरा दोरा कोटातून आडवा बाहेर आला होता, हवेत वीतभर ताठ. टाक्यामागून टाका सुटत होता. शेवटचा सुटला तसा दोरा सैल होऊन टेबलाकडे वळला आणि सावकाश टाचणीभोवती फिरू लागला.

दोरा वाया जाऊ देत नाही ही बाई, एवढाच एक विचार डोक्यात आला, आणि तो विचार आला याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

कोटाची पुढची बाजू आता पूर्ण भरली होती. घड्या ताणून जवळजवळ सपाट झाल्या होत्या. मग तो सगळा भार एकदा उचलला गेला आणि खाली बसला. पुन्हा उचलला गेला, पुन्हा बसला. पुतळ्याचा लाकडी पाय फरशीवर कुरकुरला. किती वेळ हे चाललं, मावशींना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. भाची म्हणते, ती पंधरा मिनिटांत परत आली. मावशींना ते तासाहून कमी वाटलं नव्हतं.

मग सगळं थांबलं. घड्या आपापल्या जागी, हळूहळू, एकावर एक मिटत गेल्या. पोट सपाट झालं. आणि डावी बाही, जिच्यात हात नव्हताच, कारण त्या पुतळ्याला हात नव्हतेच, ती कोपरात वाकली आणि छातीशी येऊन तशीच राहिली.

भाची दारात येऊन उभी होती. तिने फक्त बाही वाकताना पाहिली. अस्तराचं कापड तिच्या हातातून घरंगळत जिन्यापर्यंत गेलं.

"मावशी... खाली चल."

"थांब." मावशी पुढे झाल्या. त्यांनी कोटाच्या आत हात घातला. पोटाशी बांधलेले कापसाचे थर पट्ट्यांसकट तिथेच होते, पण दाबून दाबून पापडासारखे झालेले. आणि कोमट. त्यांनी हात बाहेर काढून पदराला पुसला. "चार वाजता माणसं येणार आहेत. तोंड धू. त्या मुलीसमोर एक अक्षर बोलायचं नाही."

चार वाजता नकाशेवाले मुलीला घेऊन आले. मुलगी पस्तिशीची, उंच, आवाज मात्र असा की साधं "नमस्कार" म्हणाली तरी खोलीभर पसरावा. भाची तिला आडोशामागे घेऊन गेली. मावशींनी नकाशेवाल्यांना खिडकीपाशी बोलावलं. जे आजच पाहिलं ते त्या सांगणार नव्हत्या. पण जे कापडात शिवलेलं होतं ते त्यांच्या धंद्यातलं होतं आणि ते न सांगणं त्यांना लबाडी वाटली असती.

"साहेब, तुमच्या आईंना दिवस गेले होते. चौथा महिना. हा कोट पुढचे महिने झाकायला बेतला होता, एकेक ओळ उसवून सैल करायचा." त्या थांबल्या. "ज्या बाईला घर सोडून जायचंय ती असला कोट कशाला शिवून घेईल? हा कोट याच गावात, याच लोकांसमोर पुढचे पाच महिने वावरण्यासाठी होता. त्या कुठे जाणार नव्हत्या."

नकाशेवाले काचेबाहेरच्या धुक्याकडे वळले. हा माणूस आयुष्यभर अंतरं मोजत आला होता. त्यांनी हिशेब मांडला, आणि तो मांडला जात असताना मावशींना त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"वडील बोटीवर होते," ते म्हणाले. "वर्षभर घरी नव्हते. उन्हाळा संपल्यावर येणार होते. पण बोट बिघडली म्हणून लवकर परतले. त्यांनी मला होकायंत्र आणलं होतं. पितळी. मी रात्रभर ते हातात धरून झोपलो होतो, म्हणून तो बुधवार माझ्या पक्का लक्षात आहे. सकाळी उठलो तर आई नव्हती. वडील म्हणाले, गेली. सोडून गेली आपल्याला." त्यांनी चष्मा काढला. "मी तिला कधी माफ केलं नाही हो. आणि त्यांची मरेपर्यंत सेवा केली."

मावशींनी स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत.

आडोशामागून मुलगी बाहेर आली. कोट तिच्या अंगावर असा बसला होता की बदलायला टाकाही नको. उतरता खांदा, पाठीचा ताठपणा, मानेचा कल, सगळं तिचंच वाटत होतं. तिला आरशात बघून हसू आलं.

"बाबा, हा तर माझ्यासाठीच शिवलाय!"

भाची तिच्या मागे उभी राहून मावशींकडे बघत होती. मुलीचा डावा हात कोपरात वाकलेला होता.

"हात खाली सोडा बरं, बाहीची लांबी बघू," मावशी म्हणाल्या.

मुलीने हात सोडला. मावशी टेप उलगडेपर्यंत तो पुन्हा छातीशी आला. "असाच बरा वाटतो," ती म्हणाली, आणि बोलता बोलता पायांवर किंचित डोलत राहिली, इकडून तिकडे, आपलं आपल्याला ठाऊकही नसताना.

मावशींनी नकाशेवाल्यांना बाजूला घेतलं. "हा नेऊ नका," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी दुसरा बेतून देते तिला. याच रंगाचा. हा इथे राहू दे."

"का?"

चाळीस वर्षांच्या कामात गिऱ्हाइकाला कपडा परत न देण्याचं कारण मावशींनी कधी शोधलं नव्हतं.

"साठ वर्षं ती माझ्यामुळे बाहेर राहिली, बाई," नकाशेवाले म्हणाले. "मीच तिला घरात घेतलं नाही. आता तरी येऊ दे." मुलगी कोट अंगावर ठेवूनच जिना उतरली. मावशींनी वरून पाहिलं. धुक्यात तो पाटीचा रंग लगेच दिसेनासा झाला.

त्या संध्याकाळी त्यांनी पुतळ्यावरचा कापूस सोडला, पट्ट्या धुवायला टाकल्या आणि भिंतीवरचे आकडे ओल्या फडक्याने पुसले. भाचीने पुढे महिनाभर तरी पुतळ्याला पाठ दाखवली नाही. पण कामाचा रेटा असा, की माणसाला भीतीलाही वेळ देता येत नाही. उन्हाळा गेला, लग्नांचे कपडे आले आणि गेले. मधे एकदा नकाशेवाले रस्त्यात भेटले, तेव्हा त्यांनी वडिलांचा फोटो भिंतीवरून उतरवल्याचं सांगितलं. घराच्या मागच्या अंगणातली जुनी फरशी उकरून बघावी का, असंही विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

पुढे पुन्हा थंडीची चाहूल लागली. आठ महिने झाले असतील. एका सकाळी मुलगी आली, हातात तोच कोट, नीट घडी केलेला.

"मावशी, छातीजवळचं बटण सैल झालंय. सारखं ओढलं जातं. तेवढं घट्ट करून द्या."

मावशींनी कोट मांडीवर घेतला. बटण शिंगाचं होतं, दोऱ्यावर लोंबत होतं. त्यांनी ते कापून तळहातावर घेतलं आणि बोटाला काहीतरी खरखरीत लागलं म्हणून खिडकीपाशी नेलं.

"बाबा बरे आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत. ते त्यांच्या घरी, मी माझ्या."

"तुमच्याकडे कुणाचं लहान मूल येतं का? शेजारचं वगैरे..."

"माझ्याकडे?" मुलगी तो खोलीभर पसरणारा आवाज काढून हसली. "मी एकटीच असते. पहाटे जायचं म्हणून आठालाच झोपते. कोट पायथ्याशी ठेवते, झोप छान लागते. का हो?"

"सहज विचारलं," मावशी म्हणाल्या.

भाची यंत्र थांबवून त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. बटणाची कड दोन्ही बाजूंनी चावलेली होती, बारीक, खोलगट, आणि अजून ओली. भाचीने मावशींचा दंड घट्ट धरला. ती दोन मुलांची आई. तिला मोजायला टेप लागला नाही.

"खालचे दोन दात," ती मावशींच्या कानाशी म्हणाली. "आणि वरचा एक... हा नुकताच फुटलाय."